सूची हातात आली, आता पुस्तकं निवडायची कशी?

दिवाळी तोंडावर आली की व्हॉट्सॲपवर एखाद्या छोट्या प्रकाशनाची सूची येऊन पडते. सोळा-वीस पानांची पीडीएफ, वर सवलतीचा लाल शिक्का, आत शंभर-दीडशे पुस्तकं. कादंबरीखाली कीटकांवरचं पुस्तक, त्याखाली दीर्घकविता, मग कुणा निवृत्त वनाधिकाऱ्याच्या आठवणी, बंगालीतून आणलेल्या कथा, दुष्काळावरचं वार्तांकन, पुन्हा कादंबरी. वाचनाची नुकतीच गोडी लागलेला माणूस इथे गांगरतो. मग तो ऐकलेलं एकुलतं एक नाव मागवतो, नाहीतर ‘नंतर बघू’ म्हणून सूची ठेवून देतो आणि फोनमधली जागा संपली की पुसून टाकतो.

हा लेख त्या माणसासाठी आहे. मी अशा सूच्यांवर बरीच वर्षं पेन्सिलीने खुणा करत आलोय आणि पुष्कळ पैसे नको तिथे घालवलेत. तेवढ्यातून एक सवय लागली, ती सांगतो. छोट्या प्रकाशकाकडून पुस्तक सुटं घेऊ नये, जोडीने घ्यावं. एक ललित, म्हणजे कथा-कादंबरी, एक ललितेतर, म्हणजे माहितीचं, विचारांचं नाहीतर आठवणींचं, आणि दोन्ही एकमेकांशी बोलणारी. पण जोडी लावण्याआधी दोन-तीन कामं आहेत.

पायरी १: आधी प्रकाशक पारखा

इंग्रजी पुस्तकांच्या दुनियेत बड्या कंपनीच्या मालकीचा नसलेल्या प्रकाशकाला स्वतंत्र म्हणतात. मराठीत ती फूटपट्टी चालत नाही, कारण आपल्याकडे बहुतेक प्रकाशनं घरचीच. वडिलांनी सुरू केलेलं, आता मुलगी नाहीतर सून सांभाळते, आणि गोदाम म्हणजे जिन्याखालची खोली. म्हणून मी वेगळा प्रश्न विचारतो: हे पुस्तक छापायचं असं ठरवलं कुणी? त्या माणसाचं नाव घेता येतं का?

पुण्याच्या देशमुख आणि कंपनीबद्दल बोलताना रा. ज. देशमुखांचं नाव येतंच. ‘मौज’ म्हटलं की श्री. पु. भागवत, ‘पॉप्युलर’ची मराठी बाजू म्हटली की रामदास भटकळ, ‘प्रास’ म्हटलं की अशोक शहाणे. ‘ग्रंथाली’ ही एकट्याची नव्हे, पण दिनकर गांगल, अरुण साधू, अशोक जैन, कुमार केतकर अशा लिहित्या मित्रांनी ती उभी केली आणि तिला प्रकाशन न म्हणता वाचक चळवळ म्हटलं. या सगळ्यांच्या सूच्यांमागे कुणाची तरी आवड आहे, हट्ट आहे, क्वचित हेकाही आहे. नवख्या वाचकाला हेच कामाचं. एखाद्या माणसाची आवड एकदा कळली की पुढची पन्नास पुस्तकं अंधारात चाचपडत निवडावी लागत नाहीत.

याच्या उलट दोन प्रकारच्या सूच्या असतात. पहिली, लेखकाकडून पैसे घेऊन छापणाऱ्यांची. ओळखायची खूण अशी की दोन-तीन वर्षांत शेकडो नावं दिसतात, पण एकाही लेखकाचं दुसरं पुस्तक तिथे दिसत नाही. संपादकाचं नाव कुठेच नसतं आणि मलपृष्ठावर पुस्तकापेक्षा लेखकाला मिळालेले पुरस्कार जास्त असतात. कवींनी पदरमोड करून संग्रह काढायचे ही आपली जुनी रीत आहे आणि त्यातून चांगली कविताही आली आहे, तेव्हा नाक मुरडायचं कारण नाही. फक्त ती सूची तुम्हाला वाट दाखवू शकत नाही, कारण नाही म्हणणारं तिथे कुणी बसलेलंच नसतं.

दुसरी सूची हक्क संपलेल्या पुस्तकांची. आपल्या कायद्यात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ उजाडल्यापासून त्यांचं लेखन कुणीही छापू शकतं, आणि छापतात. त्यात गैर काही नाही, मुलांना स्वस्तात पुस्तक मिळतं. पण निम्मी सूची अशाच पुस्तकांनी भरलेली असेल तर त्यातून छापखान्याचा वेग कळतो, आवड कळत नाही. अशी जुनी पुस्तकं घेताना संहिता कुणी तपासली याचं नाव असलेली प्रत घ्या. नाहीतर मधला परिच्छेदच गायब असतो आणि आपल्याला वाटतं, लेखकच उडी मारून गेला.

पायरी २: सूची सालवार लावा

सूची बहुधा प्रकारानुसार छापलेली असते. कादंबऱ्या एका जागी, चरित्रं दुसऱ्या जागी, वैचारिक शेवटी. त्याच क्रमाने वाचलीत तर दुकानात फिरल्यासारखं होतं. एक कागद घ्या आणि पुस्तकं पहिल्या आवृत्तीच्या सालानुसार लिहून काढा. सगळी नकोत, तुमचं लक्ष गेलेली तीस-चाळीस पुरेत. साल सूचीत नसेल तर पुस्तक विकणाऱ्या संकेतस्थळांवर सापडतं.

कागद भरला की काही गोष्टी आपोआप दिसू लागतात. कुठल्या वर्षी प्रकाशक दबकत होता, कुठल्या वर्षी त्याला धाडस सुचलं. कोण लेखक तीन-चारदा येतो. त्याच्यापुढे खूण करा, कारण पहिलं पुस्तक खपलं नसतानाही ज्याचं दुसरं काढलं, त्या लेखकावर प्रकाशकाचा जीव असतो. कुठल्या पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि कुठलं एकदाच येऊन गेलं, तेही बघा. आवृत्त्यांचा आकडा म्हणजे गुणपत्रिका नव्हे. एके काळी मराठीत हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढायचा रिवाज होता, आता तीनशे-पाचशेच्याही निघतात. तेव्हा ‘पाचवी आवृत्ती’ वाचून हुरळून जाऊ नका.

‘प्रास’चं उदाहरण मला फार आवडतं. अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह त्यांनी १९७७ साली काढला आणि त्याचं नाव ठेवलं ‘अरुण कोलटकरच्या कविता’. कोलटकरांच्या नाही, कोलटकरच्या. मुखपृष्ठावरच आदरार्थी बहुवचन गळून पडलेलं. त्या गळलेल्या काना-अनुस्वारातून कळतं की इथे सत्कार-समारंभाचा सूर नाही, मित्राच्या खांद्यावर हात टाकून बोलणं आहे. मग पंचवीसेक वर्षं मराठी कवितेचं दुसरं पुस्तक नाही, आणि नंतर एकदम संग्रहांची रांग. त्यातल्या ‘भिजकी वही’ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोवर कवी जाऊन वर्ष झालं होतं. विक्रीचं गणित मांडणारा प्रकाशक पाव शतक वाट बघत नाही. हे सगळं कागदावर दोन सालं शेजारी लिहिली की दिसतं.

पायरी ३: जोडी लावा

आता मुख्य काम. ललित वाचणारे ललितच वाचतात आणि वैचारिकवाले कादंबरीला ‘टाइमपास’ म्हणतात, हा आपल्याकडचा जुना जातिभेद आहे. छोट्या प्रकाशकाच्या सूचीत तो मोडता येतो, कारण दोन्ही पुस्तकं एकाच टेबलावरून गेलेली असतात.

देशमुख आणि कंपनीचंच बघू. १९६३ साली त्यांनी भालचंद्र नेमाडे नावाच्या पंचविशीतल्या तरुणाची ‘कोसला’ काढली. खानदेशातला पांडुरंग सांगवीकर पुण्याला कॉलेजात येतो आणि काहीच न मिळवता परत जातो, एवढीच गोष्ट. चार वर्षांनी, १९६७ मध्ये, त्याच प्रकाशनाने इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ काढलं. डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवणाऱ्या बाई महाभारतातल्या माणसांकडे बघतात, तीही देव म्हणून नव्हे, नात्यागोत्यात अडकलेली माणसं म्हणून. वरवर बघता या दोन पुस्तकांचा संबंध काय? एक कादंबरी, एक निबंध. एकात वसतिगृहाची मेस, दुसऱ्यात कुरुक्षेत्र.

लागोपाठ वाचा, मग कळेल. दोन्हीकडे मोठ्या शब्दांचा कंटाळा आहे. दोन्हीकडे बाप-लेकाचं नातं सरळ नाही. त्याग, कर्तव्य, आदर्श असले शब्द आले की नेमाडे तिरकस होतात आणि इरावतीबाई ‘म्हणजे नेमकं काय?’ असं शांतपणे विचारतात. भीष्माचा त्याग त्यांनी ज्या थंडपणे तपासलाय, तो वाचून झाल्यावर सांगवीकरचं परत जाणं मला वेगळंच दिसलं. ही जोडी कुणी मुद्दाम लावली होती असं मी म्हणत नाही. पण जो प्रकाशक एकाला हो म्हणतो तो दुसऱ्यालाही हो म्हणतो, यात काहीतरी आहे. आणि कादंबरी वाचून कंटाळलेल्याला निबंध तारतो, निबंधाने दमलेल्याला कादंबरी.

जोडी लावायच्या माझ्या तीन युक्त्या आहेत.

पहिली, मुलुख. एकाच भागातली गोष्ट आणि माहिती. सूचीत मराठवाड्यातली कादंबरी असेल तर मराठवाड्यातल्या पाण्यावरचं, शेतीवरचं, मुक्तिसंग्रामावरचं काही आहे का बघा. तो मुलुख तुमच्या ओळखीचा नसेल तर माहितीचं पुस्तक आधी वाचा. ओळखीचा असेल तर कादंबरी आधी. उलट केलंत तर माहितीचं पुस्तक ‘हे तर माहीतच होतं’ म्हणून बाजूला पडतं.

दुसरी, धंदा. गिरणी, गोदी, शाळा, दवाखाना, तमाशा, एसटी. काम करणाऱ्या माणसांवरचं ललित आणि ललितेतर एकाच सूचीत सापडणं आपल्याकडे अवघड नाही.

तिसरी थोडी अवघड: अनुभव तोच, माणूस वेगळा. ‘ग्रंथाली’ने १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ काढलं आणि १९८० साली लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’. दोन्ही आत्मकथनं, म्हणजे ललितेतर. दोन वर्षांच्या अंतराने आलेली, आणि आज सरसकट एका दमात घेतली जाणारी. पण वाचा. ‘बलुतं’मध्ये गाव आणि मुंबईतला कावाखाना यांच्यामध्ये सतत येरझारा आहे. ‘उपरा’तल्या कैकाडी कुटुंबाला गावच नाही, गाढवाच्या पाठीवर संसार. एकाला गावकुसाबाहेर का होईना, जागा आहे. दुसऱ्याला तीही नाही. हा फरक एक पुस्तक वाचून कळत नाही. मग यांच्यासोबत ललित हवं म्हणून दुसऱ्या प्रकाशनाच्या दारात जायला हरकत नाही: बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ चा, म्हणजे ‘कोसला’च्याच सालचा. त्याच वर्षी एक तरुण पुण्याच्या वसतिगृहात कंटाळत होता आणि दुसरा जात लपवून खोली शोधत होता. मराठीतलं १९६३ साल मला असं दोन पुस्तकांतून कळलं.

कवितेला जोडीत कुठे बसवायचं असं कुणी विचारेल. मी बसवत नाही. कवितेचं पुस्तक वर फुकट मिळाल्यासारखं घ्यावं, उशाशी ठेवावं, पानं उलटीसुलटी वाचावीत.

पायरी ४: पुस्तक हातात घेऊन बघा

जमलं तर पहिली खरेदी समोरासमोर करा. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत दादरची मराठी पुस्तकांची दुकानं, साहित्य संमेलनातलं ग्रंथप्रदर्शन, किंवा २०२३ पासून डिसेंबरात फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर भरणारा पुणे पुस्तक महोत्सव. छोटा प्रकाशक अशा ठिकाणी स्वतः गाळ्यात बसलेला सापडतो, त्यासारखी संधी नाही. दुपारी तीनच्या सुमारास जा. गर्दी नसते आणि तो बोलायच्या मनःस्थितीत असतो.

पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठ बघून झाल्यावर मलपृष्ठ वाचू नका. तिथे प्रत्येक पुस्तक ‘अंतर्मुख करणारं’ असतं. त्याऐवजी आतल्या पानामागचं श्रेयपान उघडा, जिथे बारीक टाइपात सगळा कारभार लिहिलेला असतो.

तिथे आवृत्ती आणि पुनर्मुद्रण वेगवेगळं दिलंय का बघा. पुनर्मुद्रण म्हणजे तेच पुन्हा छापलं. आवृत्ती म्हणजे काही बदललं, निदान बदलायला हवं. ललितेतरात हा फरक मोठा. वीस वर्षांपूर्वीचं धरणांवरचं पुस्तक पुनर्मुद्रित असेल तर आकडे जुने असणार हे धरून चाला. पहिल्या आवृत्तीचा प्रकाशक वेगळा असेल तर तेही तिथे कळतं. ‘कोसला’ पुढे देशमुखांकडून पॉप्युलरकडे गेली. पुस्तकं अशी घरं बदलतात आणि त्यामागे बहुधा एक गोष्ट असते.

मग अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन (म्हणजे प्रुफं तपासणं) यांच्यापुढची नावं. मुद्रितशोधकाचं नाव छापणारा प्रकाशक मला आवडतो. नाव नसेल तर मधलं कुठलंही पान उघडून दहा ओळी वाचा. तेवढ्यात दोन चुका सापडल्या तर पुस्तक खाली ठेवलंत तरी पाप लागणार नाही. ललितेतर असेल तर शेवटी शब्दसूची आहे का, संदर्भ दिलेत का, नकाशा वाचता येतो का, हेही बघून घ्या. शब्दसूची नसलेला तीनशे पानी इतिहास म्हणजे पाट्या नसलेलं गाव.

अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव आणि मूळ भाषा. नाव मुखपृष्ठावर असेल तर उत्तम, श्रेयपानावर असेल तर ठीक, कुठेच नसेल तर घेऊ नका. दुसरा प्रश्न, थेट मुळातून की इंग्रजीवरून? कन्नडमधल्या भैरप्पांच्या कादंबऱ्या उमा कुलकर्णींनी थेट कन्नडमधून आणल्या, म्हणून त्यांतलं स्वयंपाकघर स्वयंपाकघरासारखं वाटतं. शेजारच्या भाषेतलं पुस्तक इंग्रजीतून वळसा घेऊन आलेलं असलं की नाती सगळी ‘काकू’ होऊन बसतात.

आणि एक गंमत, जमली तर. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, बघा. भारतीय पुस्तकाच्या तेरा आकड्यांत ९७८ नंतर ८१ किंवा ९३ येतं आणि त्यानंतर प्रकाशकाचा क्रमांक. प्रकाशकाचा क्रमांक जितका लांब, तितकी पुस्तकांसाठी जागा कमी. ८१ च्या पुढे ९ ने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक असेल तर प्रकाशकाला मिळालेल्या क्रमांकांच्या त्या गठ्ठ्यात फक्त दहा पुस्तकांची सोय असते. संपले की दुसरा गठ्ठा मागता येतो, त्यामुळे याच्यावरून एकूण पुस्तकं मोजू नका. पण नव्या, छोट्या प्रकाशकाची ही खूण असते. आपल्याकडे हे क्रमांक सरकार फुकट देतं, तरी काही जण ते घेत नाहीत. कंटाळा, दुसरं काय.

पायरी ५: पहिली ऑर्डर

पहिल्या फेरीत पाच पुस्तकं. दोन जोड्या आणि एक कवितासंग्रह. त्याहून जास्त नको, कारण न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग नव्या वाचकाला घाबरवतो. जुन्या वाचकाला त्याचं काही वाटत नाही, ती वेगळी जात.

खर्चाचा अंदाज: दोनशे पानांचं साधं पुठ्ठाबांधणी नसलेलं पुस्तक आजकाल अडीचशे-तीनशेच्या आसपास मिळतं, त्यावर दहा ते पंचवीस टक्के सवलत. छापील पुस्तकाला जीएसटी नाही. छोट्या प्रकाशकाची सवलत कमी दिसली तर घासाघीस करू नका. दुकानदार आणि वितरक मिळून तीस-चाळीस टक्के घेतात, म्हणून तुम्ही थेट त्याच्याकडून घेतलंत की त्याच्या हाती चार पैसे जास्त पडतात. हीच तुमची त्याला सवलत.

थेट मागवायचं तर सूचीवरच्या नंबरवर मेसेज टाका. लांबलचक नको. ‘नमस्कार, तुमच्या सूचीतली ही पाच पुस्तकं हवी आहेत. शिल्लक आहेत का? टपालखर्चासह किती होतील?’ एवढं पुरे. पुढचं वाक्य मात्र विसरू नका: ‘यांच्यासोबत तुमच्याकडचं आणखी कुठलं वाचावं?’ या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस बहुधा ज्याने पुस्तक निवडलं तोच असतो. मोठ्या संकेतस्थळावर हा प्रश्न विचारायला खिडकीच नाही. एकदा मला याच्या उत्तरादाखल सूचीत नसलेलं पुस्तक सुचवलं गेलं. अठरा प्रती उरल्या होत्या म्हणून त्यांनी ते सूचीतून काढलं होतं. ते नदीकाठच्या गावांवरचं पुस्तक आजही माझ्या वरच्या फळीवर आहे.

टपालाचं थोडं. रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सोय २०२४ च्या डिसेंबरात बंद झाली आणि छोटे प्रकाशक हवालदिल झाले, कारण दोनशेच्या पुस्तकाला ऐंशी रुपये कुरिअर कोण देणार? मे २०२५ पासून टपालखात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी ही सोय आहे आणि ती रस्त्याने-रेल्वेने जाते, विमानाने नाही. म्हणून पुस्तक यायला आठवडा लागला तर तिसऱ्या दिवशी ‘कुठे आहे?’ विचारू नका. पाच पुस्तकं एकत्र मागवायचं हेही एक कारण, पाच वेगवेगळ्या पाकिटांपेक्षा एक पार्सल स्वस्त पडतं.

‘प्रकाशनपूर्व सवलत’ दिसली तर? पैसे आधी, पुस्तक नंतर, अशी ही जुनी पद्धत आहे आणि मोठे ग्रंथ तिच्यावरच निघालेत. प्रकाशकाची आधीची दोन-तीन पुस्तकं तुमच्याकडे असतील तरच भरा. मी एकदा अनोळखी ठिकाणी भरले होते. पुस्तक आलं, पण मधल्या काळात माझं घर बदललं होतं आणि भाचीचं लग्न होऊन तिला मूलही झालं होतं.

परदेशात असाल तर टपाल पुस्तकापेक्षा महाग पडतं, हे उघड आहे. ई-पुस्तक निघालं असेल तर ते घ्या. नसेल तर पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवून ठेवा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेत चकलीच्या डब्याशेजारी जागा मागा. डबा नेणारे पुस्तकाला नाही म्हणतात, पुस्तक नेणारे डब्याला नाही म्हणत नाहीत, एवढं लक्षात ठेवून माणूस निवडा.

पायरी ६: विकत घेण्याआधी चाखायचं असेल तर

ग्रंथालयं आहेत. पुण्याचं नगर वाचन मंदिर आणि बेळगावचं सार्वजनिक वाचनालय दोन्ही १८४८ ची, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय तर १८३२ चं. तालुक्याच्या गावातही सरकारमान्य वाचनालय असतंच. तिथे छोट्या प्रकाशकांची पुस्तकं कमी असतात अशी माझी तक्रार आहे, कारण खरेदी बहुधा ठराविक विक्रेत्यांच्या गठ्ठ्यांतून होते. पण मागणीवहीत नाव लिहिलंत तर कधी कधी पुढच्या खरेदीत येतं. लिहा तर खरं.

फार जुनं, कुठेच न मिळणारं पुस्तक असेल तर आणखी एक दार आहे. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायच्या असतात. त्यातलं एक मुंबईत, टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय. सगळे प्रकाशक इमाने-इतबारे देतात असं नाही, तरी चक्कर मारून बघण्यासारखी आहे. घरी नेता येणार नाही, बसून वाचावं लागेल.

दिवाळी अंक हा चाखायचा सगळ्यात चविष्ट मार्ग. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही प्रथा आजही मराठी पुस्तकांची रोपवाटिका आहे. बरीच ललितेतर पुस्तकं आधी दिवाळी अंकातला लांब लेख असतात. लेख आवडला तर लेखकाचं नाव वहीत टिपून ठेवा आणि दोन वर्षांनी सूच्यांमध्ये शोधा.

पायरी ७: वाचताना

इथे फार सांगण्यासारखं नाही. कथासंग्रह पहिल्या कथेपासून वाचायलाच हवा असं नाही. सर्वात छोटी कथा आधी वाचा, लेखकाचा हात कळतो. कादंबरीला साठ पानं द्या. ललितेतराची प्रस्तावना शेवटी वाचा, विशेषतः ती दुसऱ्या कुणी लिहिलेली असेल तर, कारण प्रस्तावनाकार पुस्तक वाचून झालेल्याशीच बोलत असतो. जोडीतलं एक पुस्तक आवडलं नाही तरी दुसरं सोडू नका. माझ्या निम्म्या जोड्यांत एकच पुस्तक आवडलंय, आणि न आवडलेल्याने आवडलेल्याला उजेड दिलाय.

दोन्ही वाचून झाली की प्रकाशकाला दोन ओळी कळवा. काय खटकलं तेही सांगा, छपाईच्या चुका पानांच्या क्रमांकासह सांगा. मराठीत पुस्तक काढणाऱ्या माणसाला वाचकाचं पत्र इतकं क्वचित येतं की तो ते जपून ठेवतो, आणि पुढच्या आवृत्तीत चूक दुरुस्तही होते.

मग काही महिन्यांनी दुसरी ऑर्डर पाठवाल तेव्हा तिकडून बहुधा असं उत्तर येईल: तिसऱ्या क्रमांकाचं संपलंय, पुनर्मुद्रण कधी ते सांगता येत नाही, मात्र गोदामात एक प्रत आहे, मुखपृष्ठाचा कोपरा पावसात भिजलाय, चालेल का? चालेल म्हणा. आणि सोबत पाचव्याच्या जोडीला काय घ्यावं, ते विचारून ठेवा.